नेक्स्टस्ट्रेन: प्राण्यांकडून माणसात आलेल्या कोरोनाची अक्षरं वाचायला शिकवणारी मोफत सेवा

नेक्स्टस्ट्रेन ही इंटरनेटवरची मोफत सेवा आहे. जगभरात वाचले गेलेले विषाणूंचे जीनोम (ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेली त्यांची पूर्ण जनुकीय संहिता) गोळा करायचे, त्यांची वंशावळ मांडायची आणि ती कुणालाही हाताळता येईल अशी पडद्यावर ठेवायची, हे तिचं काम. सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातले ट्रेव्हर बेडफर्ड आणि स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठातले रिचर्ड नेहर यांनी ती उभी केली. २०१७ साली तिला ओपन सायन्स प्राइझ मिळालं, तेव्हा फ्लू, इबोला, झिका अशा विषाणूंवर काम करणारेच तिला ओळखत होते. कोरोनाच्या साथीत ती वर्तमानपत्रांपर्यंत पोचली.

मी विदर्भातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना ‘विषाणूची उत्क्रांती’ हा भाग मी आता याच सेवेवर शिकवते, आणि हे परीक्षण त्या एका कामापुरतं आहे: प्राण्याकडून माणसात आल्यावर कोरोनाविषाणूच्या जीनोममध्ये बदल कोणत्या धाटणीने होतात, हे इथे किती नीट दिसतं? ज्यांना फक्त ‘सध्या कोणता व्हेरियंट चालू आहे’ एवढंच पाहायचं असेल, त्यांना पहिलाच पडदा पुरे.

त्या पडद्यावर डावीकडे वंशवृक्ष, शेजारी जगाचा नकाशा आणि खाली विविधतेचा पट्टा असतो. बहुतेक जण झाडात रमतात. रंगही सुंदर आहेत, वेळेचा खटका दाबला की फांद्या महिन्यामहिन्याने फुटताना दिसतात. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी खालच्या पट्ट्याकडे नेते. २९,९०३ अक्षरांचा अख्खा जीनोम तिथे आडवा पसरलेला असतो आणि जिथे जिथे नमुन्यांमध्ये मतभेद आहे तिथे उभी रेघ उठते. रेघ उंच, म्हणजे तिथे वेगवेगळी अक्षरं सापडली. रेघेवर टिचकी मारली की झाड त्या जागेवरच्या अक्षराप्रमाणे रंगतं.

इथे पहिली समजूत दुरुस्त करावी लागते. उंच रेघ म्हणजे महत्त्वाचं म्युटेशन, असं सगळ्यांना वाटतं. काट्याच्या प्रथिनातली (स्पाइक, ज्याने विषाणू पेशीला चिकटतो) ६१४ वी जागा घ्या. डी६१४जी (त्या जागी ‘डी’ हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, जाऊन ‘जी’ हे आलं) हे साथीतलं सर्वांत गाजलेलं पहिलं म्युटेशन. २०२०च्या मध्यापर्यंत ते जवळपास सगळीकडे पसरलं. पण गेल्या सहा महिन्यांचं झाड उघडलं तर ६१४ वर रेघच जवळजवळ नाही, कारण आता सगळ्यांकडे ‘जी’च आहे, मतभेद उरलेला नाही. कालावधी बदलून साथीच्या सुरुवातीपासूनचं झाड उघडलं की इतिहास दिसतो. म्हणून शिकवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: ‘ऑल टाइम’ झाड निवडल्याशिवाय वर्ग सुरू करू नका.

पट्ट्यावर दोन छोटी बटणं आहेत, जी मला या सगळ्या सेवेतली सर्वांत मोलाची वाटतात. एक ‘एन्ट्रॉपी’, दुसरं ‘इव्हेंट्स’. एन्ट्रॉपी सांगते की त्या जागेवरच्या अक्षराबद्दल नमुन्यांमध्ये किती मतभेद आहे. इव्हेंट्स सांगतात की झाडावर तो बदल स्वतंत्रपणे किती वेळा झाला. या दोन्हींतला फरक कळला की अर्धा विषय कळला. एखादं म्युटेशन एकदाच झालं आणि ते ज्याच्या अंगावर होतं तो विषाणू योगायोगाने एखाद्या विमानातून दुसऱ्या खंडात जाऊन पसरला, तर एन्ट्रॉपी भरपूर आणि इव्हेंट एकच. उलट एखादं अक्षर वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा बदलत असेल, तर तिथे विषाणूला किंवा त्याच्या यजमानाला (तो ज्याच्या शरीरात राहतो त्याला) काहीतरी ओढ आहे.

आता पट्टा अमिनो आम्लांवरून न्यूक्लिओटाइडवर, म्हणजे जीनोमच्या मूळ अक्षरांवर, आणायचा. शिफ्ट दाबून फांदीवर टिचकी मारली की त्या फांदीवर झालेले बदल यादीने येतात. त्यातही पहिल्यांदाच झालेले, अन्य फांद्यांवरही झालेले, आणि मूळ अक्षराकडे परतलेले अशी वेगळी वर्गवारी असते. विद्यार्थ्यांना मी पंधरा-वीस फांद्या वाटून देते आणि कोणतं अक्षर जाऊन कोणतं आलं याचा तक्ता वहीत भरायला सांगते. बारा प्रकारचे बदल शक्य असतात. तक्ता भरत जातो तसा एकच रकाना फुगत जातो: ‘सी’ जाऊन ‘टी’. (विषाणूत खरं तर ‘यू’ असतो, पण जनुकीय माहितीसाठ्यात आरएनएचा क्रमही ‘टी’नेच लिहितात.) “मॅडम, सगळीकडे सीचं टीच का होतंय?” हा प्रश्न दरवर्षी वर्गातूनच येतो. मी तो कधीच आधी विचारत नाही.

त्यावर मी मूळ जीनोमची अक्षरं मोजायला लावते. वुहान-हू-१ या संदर्भ जीनोममध्ये ए ८,९५४, टी ९,५९४, जी ५,८६३ आणि सी फक्त ५,४९२. म्हणजे चार अक्षरांत सर्वांत कमी असलेलं अक्षरच सर्वांत जास्त वेळा हरवतंय. मग दुसरा मुद्दा. नुसती नक्कल करतानाची चूक असती, तर ती विषाणूच्या धन (मूळ आरएनए) आणि ऋण (त्यावरून बनणारी पूरक प्रत, जिच्यात जीसमोर सी आणि यूसमोर ए येतो) अशा दोन्ही धाग्यांवर सारखी व्हायला हवी होती, आणि ऋण धाग्यावर सीचं यू झालं की धन धाग्यावर ते जीचं ए असं दिसतं. म्हणजे ‘सी ते टी’ आणि ‘जी ते ए’ यांचं प्रमाण जवळपास जुळायला हवं. ते अजिबात जुळत नाही. त्यात कोरोनाविषाणूंकडे नक्कल तपासणारं स्वतःचं विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे नकलेच्या चुका एरवीही कमी. मग हा बदल करतंय कोण?

ऑक्सफर्डचे पीटर सिमंड्स यांनी २०२० सालीच या असमतोलाकडे लक्ष वेधलं होतं. संशय आहे तो आपल्याच पेशींवर. एपोबेक कुळातली विकरं आपल्या जन्मजात प्रतिकारयंत्रणेचा भाग आहेत. ती एकेरी धाग्यातल्या सीचं यू करतात. बदलणाऱ्या सीच्या दोन्ही बाजूंना बहुधा ए किंवा यू असतो, हाही त्याच दिशेचा पुरावा. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या चुका वेगळ्या आणि नंतर कुणी समासात येऊन केलेली खाडाखोड वेगळी, तसं हे आहे. विषाणूच्या जीनोमवर दोन हात चालतात: एक त्याचा स्वतःचा, आणि एक ज्याच्या शरीरात तो राहायला आला त्याचा. प्राण्यातून माणसात आलेल्या विषाणूकडे पाहताना हे दोन हात वेगळे ओळखता यायला हवेत, एवढंच मला माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं असतं, आणि नेक्स्टस्ट्रेनसारखं दुसरं साधन मला मिळालेलं नाही.

डी६१४जीचंच उदाहरण घ्या. त्या फांदीवर चार बदल एकत्र प्रवास करतात: सी२४१टी, सी३०३७टी, सी१४४०८टी आणि ए२३४०३जी. काट्यातलं बहुचर्चित म्युटेशन म्हणजे यातलं शेवटचं. उरलेली तिन्ही ‘सी ते टी’. सी३०३७टीने तर प्रथिनात काहीच बदलत नाही. ती तिन्ही जगभर पोचली ती बहुधा चौथ्याच्या सोबतीने. वर्तमानपत्रांनी तेव्हा प्रत्येक म्युटेशनला ‘विषाणूची नवी चाल’ म्हटलं. ही एक फांदी उघडून पाहिली असती तर तसं लिहिलं गेलं नसतं.

‘जी ते टी’ हा दुसरा जाडजूड रकाना. ऑक्सिडीकरणाने जी अक्षर बिघडलं की असं होऊ शकतं. गंमत म्हणजे ओमिक्रॉनच्या फांद्यांवर याचं प्रमाण घटलं. नेहर स्वतः ज्यात सहलेखक आहेत त्या २०२३च्या अभ्यासात हे मांडलंय. ओमिक्रॉन फुप्फुसापेक्षा वरच्या श्वासमार्गात जास्त वाढतो, त्याच्याशी याचा संबंध लावला जातो. म्हणजे विषाणू शरीरात कुठे राहतो याची खूणही त्याच्या अक्षरांच्या बदलात उमटू शकते. हे समजलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत फांद्या उघडत बसले होते.

घड्याळाची मांडणीही जरूर पाहा. आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर मूळ जीनोमपासूनचं अंतर. सुरुवातीच्या काळातले ठिपके एका तिरक्या रेघेवर बसतात, महिन्याला साधारण दोन बदल. आणि मग २०२१च्या अखेरीस ओमिक्रॉनचा पुंजका रेघेच्या वर उडालेला दिसतो. काट्यात तिसाहून जास्त बदल घेऊन तो आला. संथ रिमझिम आणि अचानक उडी, यांतला फरक सांगायला मला याहून चांगलं चित्र माहीत नाही.

आता जिथे ही सेवा अपुरी पडते तिथे येऊ, कारण माझा मूळ प्रश्न प्राण्याकडून झालेल्या उडीचा आहे आणि मुख्य झाड त्या उडीनंतरच सुरू होतं. सगळी म्युटेशनं वुहान-हू-१ पासून मोजली जातात. चिनी शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने वाचलेला हा जीनोम जानेवारी २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातले त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांच्यामार्फत जगासमोर आला आणि सोयीसाठी शून्य क्रमांकाचा दगड झाला. पण तो सर्वांचा पूर्वज आहेच असं नाही. सुरुवातीचे वुहानचे नमुने दोन गटांत पडतात, नेक्स्टस्ट्रेनच्या भाषेत १९ए आणि १९बी. फरक दोनच अक्षरांचा: ८७८२ आणि २८१४४. वुहान-हू-१ मध्ये तिथे सी आणि टी आहे, दुसऱ्या गटात टी आणि सी. आणि वटवाघळातल्या जवळच्या विषाणूंत, आरएटीजी१३ धरून, टी आणि सी, म्हणजे दुसऱ्या गटासारखीच अक्षरं.

याचा अर्थ मूळ कुठे धरता त्यावर बाणाची दिशा ठरते. वुहान-हू-१ आधी धरलं तर ८७८२ वर ‘सी ते टी’ झालं, जे नेहमीच होत असतं. दुसरा गट आधी धरला तर ‘टी ते सी’ झालं, जे कमी वेळा होतं. २०२२ मध्ये पेकार आणि सहकाऱ्यांनी असं मांडलं की दोन्ही गट प्राण्यातून वेगवेगळ्या वेळी माणसात आले असावेत; ते सगळ्यांना पटलेलं नाही. मला इथे वाद सोडवायचा नाही. पण झाडावर ‘सी८७८२टी’ असं ठामपणे लिहिलेलं पाहून विद्यार्थी ते सिद्ध झालेलं समजतो. मुळाशी एक ठळक सूचना द्यायला हवी की ही दिशा गृहीत धरलेली आहे. इथे माझ्या मते या सेवेचे गुण कमी होतात.

प्राण्यांची बाजू पाहायची तर बेडफर्ड यांच्या प्रयोगशाळेच्या गटपानावर सार्ससदृश कोरोनाविषाणूंचं वेगळं झाड आहे. वटवाघूळ, खवल्या मांजर, उदमांजर आणि माणूस एकाच झाडावर. ते पाहताना एक भान ठेवायचं: वटवाघळातले हे विषाणू आपसांत जीनोमचे तुकडे अदलाबदल करतात, त्यामुळे एका तुकड्याचा जवळचा नातेवाईक वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा असू शकतो. एकच झाड ही त्यांच्या बाबतीत ढोबळ गोष्ट आहे. आरएटीजी१३ सार्स-कोव्ह-२शी (कोविडच्या विषाणूशी) साधारण ९६.२ टक्के जुळतो, लाओसमधला बनाल-५२ साधारण ९६.८ टक्के. आकडे मोठे वाटतात, पण तीस हजारांतली चार टक्के अक्षरं म्हणजे हजाराहून जास्त फरक. महिन्याला दोन या चालीने ते भरायला दशकं लागतात.

उडीनंतरच्या बदलांसाठी २००२-०३ची पहिली सार्स साथ हा अजूनही सर्वोत्तम धडा आहे, आणि तो मी त्या झाडासोबतच घेते. शेन्झेनच्या बाजारातल्या उदमांजरांतल्या विषाणूकडे माणसातल्या बहुतेक नमुन्यांपेक्षा २९ अक्षरं जास्त होती. माणसात पसरताना ती गळली आणि ओआरएफ८ हे जनुक दोन तुकडे झालं. काट्यात ४७९ आणि ४८७ या जागा बदलल्या, आणि काट्याची माणसाच्या पेशीवरच्या एसीई२ या प्रथिनावरची पकड घट्ट झाली. चिनी संशोधकांनी २००४ मध्ये साथीचे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे टप्पे वेगळे करून दाखवलं की सुरुवातीला काट्यावर निवडीचा जोर जास्त होता, पुढे तो ओसरला.

या ओआरएफ८वर थोडं थांबते, कारण नेक्स्टस्ट्रेनवर इतकं बोलकं जनुक दुसरं नाही. सार्स-कोव्ह-२ मध्येही ते पुन्हा पुन्हा मोडतं. २०२०च्या सुरुवातीला सिंगापूरमध्ये ३८२ अक्षरं गाळलेला विषाणू सापडला आणि तो झालेल्यांचा आजार सौम्य होता. ब्रिटनमधल्या अल्फात ओआरएफ८च्या २७ व्या जागी थांब्याची खूण (जिथे प्रथिन अर्धवटच संपतं) आली, सी२७९७२टी, पुन्हा आपलं ‘सी ते टी’. ओमिक्रॉनच्या एक्सबीबी.१ या शाखेत आठव्याच जागी थांबा, जी२७९१५टी. दोन वेगळ्या विषाणूंत, दोन वेगळ्या साथींत, माणसात आल्यावर तेच जनुक. मोडल्याने विषाणूचा फायदा होतो की नसण्याने फारसं अडत नाही, हे एवढ्यावरून ठरत नाही, आणि मी वर्गातही ठरवू देत नाही. पण इव्हेंट्सच्या पट्ट्यावर ही जागा शोधायला लावली की वर्ग शांत होतो.

उलट्या, म्हणजे माणसाकडून प्राण्यात झालेल्या, उडीसाठी मिंक (फरसाठी पाळला जाणारा प्राणी) आणि हरणं घ्या. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कने देशभरातले मिंक मारण्याचा निर्णय घेतला, त्यामागे मिंकमध्ये रुळलेला वाय४५३एफसारखा काट्यातला बदल होता. कॅनडातल्या ओंटारिओत पांढऱ्या शेपटीच्या हरणांत सापडलेल्या विषाणूंत ‘सी ते टी’चं प्रमाण माणसातल्यापेक्षाही जास्त निघालं. यजमान बदलला की खाडाखोड करणारा हातही बदलतो.

महाराष्ट्रापुरतं पाहायचं तर निराशा होते, आणि ती फक्त या सेवेची नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भात रुग्ण वाढत होते तेव्हा आम्ही इथेच होतो. त्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे काट्यातले बदल दिसतायत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने एल४५२आर, ई४८४क्यू आणि पी६८१आर या तिन्हींवर शोधनिबंध लिहिला. पुढे याच कुळातून डेल्टा वर आला, त्याच्याकडे ई४८४क्यू नाही, टी४७८के आहे. हे सगळं २१ए आणि २१बी या फांद्यांवर सापडतं. पण जागतिक झाड लाखो जीनोममधून काही हजारच निवडून उभं राहतं, त्यामुळे आपल्या राज्याच्या वाट्याला मोजके ठिपके येतात. गाळणीत ‘महाराष्ट्र’ निवडा आणि जे दिसतं त्यावरून आपल्या भागाबद्दल निष्कर्ष काढू नका. जगाच्या झाडावर आपण कुठल्या फांदीवर बसतो एवढंच ते सांगतं.

सोबतचं नेक्स्टक्लेड हे साधन स्वतंत्र कौतुकाला पात्र आहे. जीनोमची फाइल पानावर ओढून सोडायची. ती आपल्या संगणकावरच, ब्राउझरमध्येच तपासली जाते, कुठे पाठवली जात नाही. ज्यांच्याकडे अप्रकाशित नमुने आहेत त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. गाळलेली अक्षरं, थांबे, फांदीवर अपेक्षित नसलेली ‘खासगी’ म्युटेशनं, वाचनाचा दर्जा, सगळं एका ओळीत. ओआरएफ८सारख्या जागी गळलेली अक्षरं पाहायला मुख्य झाडापेक्षा हेच सोयीचं.

माझी मुख्य मागणी एकच आहे. बारा प्रकारच्या बदलांचा तक्ता विद्यार्थी हाताने भरतात ते शिकण्यासाठी छान आहे, पण निवडलेल्या फांदीसाठी तो तक्ता एका टिचकीवर दिसायला हवा, शेजारी त्या अक्षराची जीनोममधली संख्याही. मग माणूस, मिंक, हरीण यांच्या फांद्या एकमेकांसमोर ठेवता येतील. एचकेयू१ या माणसातल्या जुन्या सर्दीच्या कोरोनाविषाणूत जी आणि सी मिळून जेमतेम ३२ टक्के उरलेत, सार्स-कोव्ह-२ मध्ये ३८. हा नवा विषाणू त्याच उताराला लागलाय का, हे दरवर्षी मोजता येईल.

पाचापैकी साडेचार. अर्धा गुण मुळाच्या सूचनेसाठी राखून ठेवलाय. मोबाइलवर पट्टे एकाखाली एक येतात, तुलना करता येत नाही. संगणक किंवा प्रोजेक्टर घ्या. तुम्ही निवडलेले रंग, गाळण्या, फांदी सगळं पानाच्या पत्त्यात साठतं, तेव्हा तासाच्या आदल्या दिवशी हवी ती दृश्यं तयार करून पत्ते विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकून ठेवा.